स्टेंटच्या आत काय चाललंय? कोरोनरी सीटीची प्रतिमा सुधारण्याबद्दल

गॅन्ट्रीवाला (धागाकर्ता)

स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी धातूची जाळीदार नळी) टाकलेल्या पेशंटची सीटी कोरोनरी अँजिओ (कॉन्ट्रास्ट टोचून हृदयाच्या धमन्यांचा सीटी स्कॅन) झाली की रिपोर्टात एक वाक्य ठरलेलं: "स्टेंटच्या आतील पोकळीचे मूल्यमापन मर्यादित." ज्या कार्डिऑलॉजिस्टने पेशंट पाठवला त्याला या वाक्याचा काडीचा उपयोग नाही. त्याला एवढंच हवं असतं, की स्टेंट उघडा आहे, बंद पडलाय की आत पुन्हा अरुंद होतोय.

मी टेक्नॉलॉजिस्ट, रिपोर्ट माझा नसतो. पण ते वाक्य कितीतरी वेळा रिपोर्टिंग रूममध्ये नव्हे, कन्सोलवरच (स्कॅनरच्या संगणकावरच) लिहिलं जातं असं माझं ठाम मत झालंय. नेहमीचा प्रोटोकॉल, नेहमीचा मऊ कर्नल, एकच रिकॉन (कच्च्या डेटातून रचलेली प्रतिमा), पॅक्सवर (प्रतिमांच्या साठ्यात) ढकललं की पुढचा पेशंट. मग वाचणारा बिचारा करणार काय?

मी काय पाळतो ते सांगतो, तुम्ही भर घाला.

सगळ्यात आधी ठोके. मिनिटाला 60 च्या आसपास आणि नियमित. 60 ला एक ठोका 1000 मिलिसेकंदांचा असतो, 90 ला तो 667 वर येतो, आणि ही काटछाट मुख्यतः डायस्टोलच्या (हृदय सैलावण्याच्या काळाच्या) वाट्याला येते; आपल्याला तर हृदय निवांत असलेली नेमकी तीच खिडकी हवी असते. एका ट्यूबच्या (क्ष-किरण नळीच्या) मशीनला प्रतिमेसाठी साधारण अर्धी फेरी लागते. फेरी 0.3 सेकंदाची धरली तर 150 मिलिसेकंद. तेवढ्या वेळात धमनी सेकंदाला 10 मिमी वेगाने जरी सरकली तरी दीड मिमी सरकते. 3 मिमीच्या स्टेंटमध्ये दीड मिमीचा फराटा आल्यावर कसला कर्नल आणि कसलं काय. दोन ट्यूबवाल्या मशीनला हेच काम 66 ते 75 मिलिसेकंदांत जमतं, त्यांचं सुख वेगळं. बीटा ब्लॉकर (ठोके कमी करणारं औषध) डॉक्टर ठरवतात, पण गोळी वेळेवर पोचली का, तिचा परिणाम दिसतोय का, हे बघायला आम्हीच असतो. दमा, हार्ट ब्लॉक, कमी बीपी हे प्रश्न टेबलावर घ्यायच्या आधीच विचारून ठेवायचे. जिभेखालच्या नायट्रोग्लिसरीनचंही (धमन्या रुंदावणाऱ्या औषधाचंही) तसंच. सिल्डेनाफिलच्या जातीचं औषध अलीकडे घेतलंय का हे सगळ्यांसमोर विचारलं तर कुणी खरं सांगत नाही. बाजूला घेऊन विचारा.

दुसरं, श्वास. "खोल श्वास घ्या" म्हटलं की लोक छाती फुगवून, दात-ओठ खाऊन श्वास धरतात. खोल श्वासासरशी खालच्या महाशिरेतलं बिनकॉन्ट्रास्टचं रक्त हृदयात जास्त येतं आणि आपला कॉन्ट्रास्ट पातळ होतो. मी मध्यम श्वास सांगतो, आधी सराव करून घेतो, आणि त्या सरावात मॉनिटरवर नजर ठेवतो. श्वास धरल्यावर ठोका किती उतरतो, मध्येच एखादा जादा ठोका पडतो का, हे तिथेच कळतं.

तिसरं, एफओव्ही, म्हणजे प्रतिमेत घेतलेल्या क्षेत्राची रुंदी. हे फुकटात मिळतं आणि तरी लोक सोडून देतात. 512 च्या मॅट्रिक्सवर 350 मिमीचा एफओव्ही ठेवलात तर एक पिक्सेल 0.68 मिमीचा, 180 वर आणलात तर 0.35 चा. म्हणजे 3 मिमीच्या पोकळीत चार पिक्सेल हवेत की आठ, एवढाच सवाल. फुप्फुसं आणि छाती बघायला मोठ्या एफओव्हीचा रिकॉन वेगळा काढा की, कोण नको म्हणतंय.

बाकी कर्नल, केव्ही (ट्यूबचा व्होल्टेज) वगैरेवर जाणकारांनी बोलावं.

---

फिल्मरीडर

चांगला धागा. मी रिपोर्टिंगच्या बाजूचा, म्हणून दोष सगळा कन्सोलवर नको. आमच्यातले बरेच जण स्टेंट सुद्धा नेहमीच्याच विंडोत (पडद्यावर दाखवायच्या करड्या छटांच्या पट्ट्यात) बघतात आणि मग "मर्यादित" लिहितात. विंडोची रुंदी 1500 च्या आसपास नेली, मध्य 300 च्या जरा वर ठेवला, की त्याच प्रतिमेत आतली पोकळी उघडते. एक माऊस ओढायचा असतो फक्त.

मूळ अडचण नवीन वाचकांसाठी. स्टेंटच्या जाळीची तार, म्हणजे स्ट्रट, आजकाल साधारण 60 ते 100 मायक्रॉन जाड. सीटीला नीट वेगळं दिसतं ते अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. तारेपेक्षा मशीनचा ठोकळा (प्रतिमेचा सगळ्यात छोटा घन) कितीतरी मोठा, त्यात धातू इतका घन की ठोकळ्यात थोडासा असला तरी अख्खा ठोकळा पांढरा होतो. धुक्यात दिव्याभोवती वलय पसरतं तशी तार फुगते. हेच ब्लूमिंग. शिवाय धातूतून जाताना किरणातले मऊ फोटॉन गळतात, त्याने काळे पट्टे येतात, ते बीम हार्डनिंग. दोन्ही एकत्र येतात पण दोघांवरचा इलाज वेगळा, आणि गल्लत इथेच होते.

आकडे मांडून बघू. 80 मायक्रॉनची तार पडद्यावर 0.9 मिमी दिसली असं समजा. जादाचे 0.82 मिमी अर्धे आत, अर्धे बाहेर. दोन्ही भिंती मिळून पोकळीतून 0.82 मिमी गेले. 3.5 मिमीचा स्टेंट 2.68 चा दिसेल, ठीक आहे, निभावतं. 2.5 चा दिसेल 1.68. एक तृतीयांश पोकळी काहीही आजार नसताना गायब! आणि आपण शोधतोय 50 टक्क्यांच्या वरचं अरुंदपण. त्यामुळे छोट्या स्टेंटमध्ये आकडा मोजायच्या भानगडीत मी पडत नाही.

---

निवांतपणे

मी वैद्यकातला नाही, वाचनमात्र. कर्नल कर्नल म्हणताय ते काय असतं?

---

गॅन्ट्रीवाला

@निवांतपणे, मशीन आधी कच्चा डेटा गोळा करतं आणि मग त्यातून प्रतिमा रचतं. रचताना एक गाळणी लावतात, तो कर्नल. मऊ लावला की प्रतिमा गुळगुळीत पण कडा पसरट. तीक्ष्ण लावला की कडा रेखीव पण दाणे वाढतात. पेशंटला पुन्हा स्कॅन करावं लागत नाही, त्याच कच्च्या डेटातून हवे तेवढे रिकॉन निघतात. एका कंपनीत कर्नलला आकडे असतात, दुसरीत नावं, म्हणून मी इथे मुद्दाम एकही लिहीत नाही. आपल्या मशीनवर कोरोनरीच्या नेहमीच्या कर्नलपेक्षा एक-दोन पायऱ्या वर जाऊन बघा.

---

फिल्मरीडर

त्यात एक पुस्ती. तीक्ष्ण कर्नल चढवत गेलात की कडेच्या आत एक काळी रेघ उमटते. ही गणिताची रेघ आहे, शरीरातली नव्हे. पण ती नेमकी तिथेच येते जिथे स्टेंटच्या आत वाढलेली पेशीस्तराची पातळ गादी दिसायला हवी. नवशिका ती बघून "इन-स्टेंट रिस्टेनोसिस" (स्टेंट आतून पुन्हा अरुंद होणं) लिहून मोकळा होतो. ओळखायची खूण: ती रेघ सगळ्या स्ट्रटांच्या आतून सारख्या जाडीची आणि गोलाकार असते, बऱ्याचदा बाहेरच्या बाजूलाही दिसते, आणि मऊ कर्नलवर जागच्या जागी नाहीशी होते. खरी गादी बहुधा एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी असते, स्टेंटच्या एखाद्याच भागात असते आणि दोन्ही रिकॉनमध्ये टिकते.

उलट मऊ कर्नलवर धातूचा पांढरेपणा आत सांडतो, एचयू (सीटीवरचा घनतेचा आकडा) खोटा वाढतो आणि अरुंद भाग लपतो. म्हणून मला दोन्ही हवेत, शेजारी शेजारी. एकावर विश्वास ठेवून रिपोर्ट लिहायचा नाही हा माझा नियम. आणि हो, स्टेंटसाठी एमआयपी बघू नका. एमआयपी सगळ्यात पांढरं ते पुढे आणतं, स्टेंटमध्ये सगळ्यात पांढरं काय असतं ते सांगायला नको. धमनीला काटकोनात काप घ्या आणि स्टेंटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू सरका.

---

केव्हीकमी

आम्ही सगळ्या कोरोनरी 80 केव्हीवर करतो. आयोडीन झळाळतं, कॉन्ट्रास्ट कमी लागतो, डोसही कमी. स्टेंटलाही तेच लावतो. चालतंय की.

---

गणिती_भूत

चालतंय म्हणजे काय दिसतंय ते सांगा. कमी केव्हीला आयोडीन उजळतं हे खरं, त्याची के-एज (जिथे ते किरण एकदम जास्त शोषतं ती ऊर्जा) 33 केईव्हीजवळ आहे. पण कमी ऊर्जेच्या किरणांना धातूही जास्त अडतो. स्टेंटभोवतीचा पांढरा पसारा वाढतो, काळे पट्टे वाढतात. शिवाय तीक्ष्ण कर्नलला दाणे सोसायची ताकद लागते, ती फोटॉनांच्या संख्येतून येते. जाड पेशंटला 80 वर ट्यूबचा एमए (विद्युतप्रवाह) छताला टेकला की पुढे काहीच उरत नाही. स्टेंट हाच मुख्य प्रश्न असेल तर मी 100 किंवा 120 सुचवतो. आयोडीनची चमक कमी होईल ती इंजेक्शनच्या वेगाने भरून काढा, सेकंदाला 5-6 मिली आणि मागून सलाईन. पोकळीत 350-400 एचयू मिळाले की पुष्कळ.

मी मेडिकल फिजिक्सवाला, त्यामुळे एक कडू गणितही सांगून टाकतो. ठोकळ्याची बाजू तिन्ही दिशांना निम्मी केली आणि दाणे तेवढेच ठेवायचे म्हटलं तर डोस जवळपास 16 पट लागतो. चौथ्या घाताने वाढतो. म्हणून "रिझोल्यूशन वाढवा" हे सांगायला सोपं. इटरेटिव्ह रिकन्स्ट्रक्शन (प्रतिमा पुन्हा पुन्हा सुधारत रचणं) आणि आता डीप लर्निंगवाल्या पद्धती इथेच कामाला येतात. त्या थेट ब्लूमिंग घालवतात असं नाही, त्या दाणे कमी करतात आणि त्यामुळे तीक्ष्ण कर्नल परवडतो. पण त्यांची मात्रा शेवटच्या टोकाला नेऊ नका, प्रतिमा प्लास्टिकसारखी होते आणि बारीक, फिकट गोष्टी पुसल्या जातात.

---

केव्हीकमी

बरं, स्टेंट 4 मिमीचा आणि पेशंट सडपातळ असेल तरीही 80 नको?

---

गणिती_भूत

तिथे चालेल. वाद फक्त "सगळ्यांना तेच" यावर होता.

---

ठोका_चुकला

कार्डिऑलॉजीतून लिहितोय. तुम्ही सगळे मशीनवर बोलताय. निम्मं काम तर पेशंट पाठवतानाच व्हायला हवं आणि तिथे आम्ही कमी पडतो. "पोस्ट पीटीसीए, रूल आऊट आयएसआर" (अँजिओप्लास्टी झालीय, इन-स्टेंट रिस्टेनोसिस नाही ना ते बघा) एवढं खरडून फॉर्म पाठवायचा आणि वर चांगल्या रिपोर्टची अपेक्षा करायची! स्टेंट कुठल्या धमनीत, किती व्यासाचा, किती लांब, कुठल्या धातूचा, एकावर एक टाकलाय का, हे डिस्चार्ज कार्डावर किंवा स्टेंटच्या स्टिकरवर असतं. ते फॉर्मवर आलं पाहिजे.

व्यास सगळ्यात महत्त्वाचा. अमेरिकेतल्या हृदयरोग संस्थांच्या 2021 च्या छातीदुखीवरील मार्गदर्शक तत्त्वांतही सीटीने स्टेंट तपासण्याची शिफारस करताना 3 मिमी किंवा त्याहून मोठा अशीच अट आहे. लेफ्ट मेनचा (डाव्या मुख्य धमनीचा) स्टेंट सीटीसाठी सगळ्यात सोयीचा: मोठा, आखूड, फार न हलणारा. उजव्या धमनीचा मधला भाग मात्र सगळ्यात वांड, ठोके जरा वाढले की तिथलं चित्र पहिलं बिघडतं.

धातूने आणि जाडीने फरक पडतो. सायफर हा पहिल्या पिढीतला औषधी स्टेंट, स्टीलचा, तार 140 मायक्रॉन. नंतरचा झायन्स कोबाल्ट-क्रोमियमचा, 81 मायक्रॉन. जुना स्टेंट असलेला पेशंट आला तर अपेक्षा आधीच खाली आणा. धमनीला फाटा फुटतो तिथे दोन स्टेंट टाकले असतील तर तिथे धातूचे थरावर थर असतात, आत काही दिसेल अशी आशा मी तरी ठेवत नाही.

आणि वाचणाऱ्यांना एक विनंती. "स्टेंटच्या पुढे धमनी भरलेली दिसते, म्हणजे स्टेंट उघडा" असं लिहू नका. पुढचा भाग कोलॅटरलमधून (दुसऱ्या धमन्यांकडून येणाऱ्या आडवाटांमधून) उलट्या दिशेनेही भरतो. स्टेंट पूर्ण बंद असून पुढे छान कॉन्ट्रास्ट दिसू शकतो. सीटी ही एका क्षणाची प्रतिमा, प्रवाहाची दिशा ती सांगत नाही.

---

फिल्मरीडर

शंभर टक्के. मी स्टेंटच्या अलीकडचा, आतला आणि पलीकडचा एचयू तिन्ही बघतो, पण आधार म्हणून. निकाल म्हणून नाही.

---

निवांतपणे

मग या सगळ्यावर नवीन मशीन हा उपाय नाही का? फोटॉन काउंटिंग असं काहीतरी वाचलं होतं.

---

गणिती_भूत

आहे, आणि स्टेंटच्या बाबतीत तर मी त्याला खरा बदल म्हणेन. नेहमीच्या डिटेक्टरमध्ये क्ष-किरणाचा आधी प्रकाश होतो, मग प्रकाशाचा विद्युतसंकेत. शेजारच्या खान्यात प्रकाश सांडू नये म्हणून मध्ये भिंती घालाव्या लागतात. खाने लहान केले तर भिंतीच जागा खातात. फोटॉन काउंटिंगमध्ये कॅडमियम टेल्युराईडसारखा अर्धवाहक थेट संकेत देतो, भिंतींची गरज नाही, म्हणून खाने बारीक करता येतात. सीमेन्सच्या नेओटॉम अल्फाला अमेरिकेच्या एफडीएने सप्टेंबर 2021 मध्ये मान्यता दिली. त्यात अति-सूक्ष्म पद्धतीने 0.2 मिमीचे काप मिळतात, आणि दोन ट्यूब असल्यामुळे वेळही 66 मिलिसेकंद. 3 मिमीच्या खालच्या स्टेंटबद्दल निदान बोलता तरी येतं ते तिथे. प्रत्येक फोटॉन मोजल्यामुळे इलेक्ट्रॉनिक गोंगाट उंबऱ्याबाहेर राहतो, तो फायदा वेगळाच.

त्याआधी कॅननने 0.25 मिमीच्या नेहमीच्या डिटेक्टरचं मशीन काढलं होतं. सूक्ष्मता होती पण फेरी 0.35 सेकंदांची, म्हणजे ठोके सांभाळण्याची कटकट कायम.

पण नवं मशीन आलं म्हणजे जुने प्रश्न गेले असं नाही. त्यावरही पेशंट हलला, ठोका घसरला किंवा कुणी सवयीने मऊ कर्नल आणि 0.6 चे काप लावले, तर प्रतिमा जुन्या मशीनचीच येते.

---

केव्हीकमी

ड्युअल एनर्जीने (दोन ऊर्जांच्या किरणांच्या स्कॅनने) जास्त केईव्हीची प्रतिमा काढून धातू घालवता येत नाही का? गुडघ्याच्या सांध्याला आम्ही तेच करतो.

---

गणिती_भूत

गुडघ्यात मुख्य त्रास बीम हार्डनिंगचा, तिथे ते लागू पडतं. स्टेंटमध्ये मुख्य त्रास तार बारीक आणि ठोकळा मोठा हा. केईव्ही वाढवून पांढरेपणा थोडा ओसरतो, पण आयोडीनही विझतं आणि पोकळी फिकट पडते. मधला कुठलातरी केईव्ही निवडून थोडं हाती लागतं. चमत्काराची अपेक्षा नको. (वर फिल्मरीडर म्हणाले तीच गल्लत.)

वजाबाकीची पद्धतही आहे, आधी बिनकॉन्ट्रास्टचा स्कॅन आणि नंतर कॉन्ट्रास्टचा, मग एकातून दुसरा वजा. कागदावर झकास. प्रत्यक्षात दोन्ही वेळी हृदय तंतोतंत त्याच जागी हवं, आणि डोस वाढतो तो वेगळाच.

---

सावली_२

क्षमस्व, थोडं अवांतर. वडिलांना बाजूच्या फांदीत 2.25 चा स्टेंट आहे, चालताना पुन्हा छाती भरून येते. डॉक्टर सीटी नको म्हणाले, थेट अँजिओग्राफी किंवा स्ट्रेस टेस्ट म्हणत आहेत. आम्हाला वाटलं सीटी सोपी, मग ती का नको?

---

ठोका_चुकला

सावलीताई, अवांतर नाही, हाच तर मुद्दा आहे. 2.25 च्या स्टेंटमध्ये साध्या सीटीवर आत काय आहे ते सांगता येणं अवघड. डाय टोचून, किरणं घेऊन हातात "मर्यादित मूल्यमापन" आलं तर पुन्हा तीच अँजिओ करावी लागेल. स्ट्रेस इमेजिंगने त्या भागाला रक्त कमी पडतंय का हे कळतं, स्टेंट कितीही लहान असला तरी. इथून सल्ला देणं बरोबर नाही, पण तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं मला पटण्यासारखं आहे. चालताना भरून येणं नवीन असेल किंवा वाढत असेल तर भेट लांबवू नका, आणि बसल्या जागी दुखलं, घाम फुटला तर थेट इमर्जन्सीत जा.

---

सावली_२

आभारी आहे. उद्याच घेऊन जाते.

---

नवा_रेसिडेंट

दोन प्रश्न. एक, ठोके 60 वर येतच नसतील तर? दोन, स्टेंट खरंच दिसत नसेल तर रिपोर्टात काय लिहायचं?

---

गॅन्ट्रीवाला

पहिल्याचं मी सांगतो. ठोके 75-80 च्या खाली येत नसतील तर डायस्टोलच्या मागे लागू नका, सिस्टोलच्या (हृदय आकुंचन पावण्याच्या काळाच्या) शेवटी एक छोटी शांत खिडकी असते, ठोक्याच्या साधारण 35 ते 45 टक्क्यांवर. तीही मिळेल एवढं पॅडिंग (स्कॅनच्या वेळेत जादा जागा) ठेवून घ्या, डोस थोडा वाढेल. मग 5-5 टक्क्यांनी रिकॉन काढून स्टेंटपुरती सगळ्यात स्थिर फेज (ठोक्यातला क्षण) निवडा. मशीन आपणहून निवडतं ती "बेस्ट फेज" अख्ख्या हृदयासाठी असते. उजव्या धमनीतल्या स्टेंटसाठी वेगळी आणि एलएडीसाठी (डाव्या बाजूच्या पुढच्या धमनीसाठी) वेगळी असं सर्रास होतं.

---

फिल्मरीडर

दुसऱ्याचं मी. दिसत नसेल तर तसंच लिहा, पण कारणासकट: हालचालीमुळे, व्यास लहान असल्यामुळे, की दोन स्टेंट एकमेकांवर असल्यामुळे. कॅड-रॅड्समध्ये (कोरोनरी सीटी रिपोर्टच्या ठरलेल्या वर्गवारीत) स्टेंटसाठी एस आणि न ठरवता येण्यासाठी एन अशी अक्षरं त्यासाठीच आहेत. कारण कळलं की पाठवणाऱ्याला ठरवता येतं, ठोके आणून पुन्हा करावी की दुसरी तपासणी घ्यावी. आणि स्टेंटच्या आत दिसत नाही म्हणून त्याच्या दोन्ही कडांचे 5-5 मिमी बघायला विसरू नका. पुन्हा अरुंद होणं कडेलाही होतं आणि तिथे धातू आडवा येत नाही.

---

नवा_रेसिडेंट

आमच्याकडे रिपोर्ट दुसऱ्या दिवशी होतो. तेव्हा तीक्ष्ण रिकॉन मागितला तर "रॉ डेटा उडाला" असं उत्तर मिळतं.

---

गॅन्ट्रीवाला

मिळणारच. कच्चा डेटा अवजड असतो, जागा भरली की मशीन जुना आपोआप पुसतं. आपल्याकडे किती दिवस टिकतो ते टेक्नॉलॉजिस्टला विचारा आणि स्टेंटची केस त्या यादीत लॉक करायला सांगा, बहुतेक कन्सोलवर तशी सोय असते. त्यापेक्षा बरं म्हणजे प्रोटोकॉलची एक वेगळी प्रत बनवून तिला "कोरोनरी स्टेंट" नाव द्या. त्यात नेहमीचा मऊ रिकॉन, एक तीक्ष्ण रिकॉन छोट्या एफओव्हीचा आणि सगळ्यात पातळ कापांचा, आणि एक मोठा एफओव्ही फुप्फुसांसाठी. तिन्ही आपोआप पॅक्सवर जातील असं लावून ठेवा. एकदा बसून करायचं काम आहे, नंतर रात्रपाळीच्या माणसालाही काही आठवावं लागत नाही.

---

फिल्मरीडर

+१. आणि त्या प्रोटोकॉलमध्ये स्टेंटचा व्यास लिहायला एक रकाना टाका, तो भरल्याशिवाय स्कॅन सुरूच करायचा नाही.

---

ठोका_चुकला

रकाना टाका, मी आमच्या ओपीडीच्या फॉर्मवरही टाकायला लावतो. स्टिकरचा फोटो जोडला तरी चालेल ना?

---

गॅन्ट्रीवाला

धावेल. फक्त उलटा काढू नका.